यंत्राच्या पाठीमागचा पाट

नागपुरात महाल भागातल्या आमच्या घरात नानांची बसण्याची जागा ठरलेली होती. मधल्या खोलीत पूर्वेच्या भिंतीशी देवघर, देवघरासमोर एक बुटके, उतरते लाकडी मेज, आणि मेजापाशी देवांकडे तोंड करून मांडी घातलेले नाना, हे चित्र मी जन्मापासून पाहत आले. नाना म्हणजे माझे वडील. ते पंचांग करीत. फार मोठे नव्हे; इतवारीतल्या पूजासाहित्याच्या दुकानांतून आणि उमरेडच्या बाजूच्या खेड्यांतल्या उपाध्यायांकडे ते जाई. पण त्यातली प्रत्येक तिथी, प्रत्येक नक्षत्र कोणत्या घटकेला संपते हे नानांनी स्वतःच्या हाताने काढलेले असे. सकाळी पूजा आटोपली की ते त्याच जागी मेज पुढे ओढून बसत आणि दुपारी पान वाढले जाईपर्यंत त्यांच्या पुटपुटण्याचा एक बारीक, अखंड सूर घरात चालू राही. आई त्या सुरावरच स्वयंपाक करी. सूर थांबला की ती कढईखालचा जाळ कमी करून कान देई, आणि पुन्हा सुरू झाला की पळी हलू लागे. त्यात घटी असत, पळे असत, मधूनच एखादा श्लोकाचा चरण असे. आम्हां भावंडांना वाटे, सगळ्यांच्याच घरी वडील असेच बोलतात.

मग नानांच्या डोळ्यांत काचबिंदू झाला. आधी कडा गेल्या, मग मधले आकडे गेले. मेडिकल कॉलेजातल्या डॉक्टरांनी सांगितले की उरली आहे ती दृष्टी सांभाळा, गेलेली परत येत नसते. नानांनी ते शांतपणे ऐकून घेतले. आईने मात्र त्या दिवशी घरी येऊन स्नान केले, समईत तूप घातले, वात लावली आणि देवापुढे नंदादीप ठेवला. ती काय बोलली ते आम्हांला ऐकू आले नाही, परंतु तो दिवा कोणासाठी आहे हे कोणाला सांगावे लागले नाही. त्या दिवसापासून तो विझू द्यायचा नाही हा घरातला नियम झाला. मी सकाळी महाविद्यालयात संस्कृत शिकत होते. दारातून बाहेर पडण्यापूर्वी वात सारणे आणि परत आल्यावर तूप पाहणे ही कामे माझी झाली.

दोन वर्षे नाना सांगत आणि मी लिही. आकडे मी वाचायचे, बेरीज-वजाबाकी मी करायची, आणि नानांनी डोळे मिटून ती मनात पडताळायची. ते फार संथ चाले. नानांची उरलेली दृष्टी गेल्यावर तर माझी एक चूक शोधण्यात आमची दुपार जाई. तेव्हा माझा थोरला भाऊ श्रीधर, ज्याला मी दादा म्हणते, एक दिवस रिक्षातून संगणक घेऊन आला. तो ज्या कंपनीत नोकरीला होता तिथे नवी यंत्रे आली होती आणि हे जुने, बंद पडलेले यंत्र अडगळीत टाकले होते. दादाने ते मागून घेतले, महिनाभर खोलून बसला आणि चालू केले. आज माझ्या नातीच्या हातातला फोन त्या यंत्राच्या कितीतरी पट काम करतो म्हणतात, असेल. परंतु त्या दिवशी हिरवी अक्षरे पडद्यावर उमटली तेव्हा आईने निरांजन आणले होते, आणि हळदकुंकू वाहायला ती नेमकी जागा शोधत होती, हे मला स्पष्ट आठवते.

"आई, फटीत तांदूळ जाऊ देऊ नको," दादा म्हणाला.

"एवढं नाजूक आहे तर गणित कसं करणार ते?" आई म्हणाली, आणि तिने अक्षता यंत्राच्या डब्याऐवजी दादाच्याच डोक्यावर टाकल्या.

यंत्राला शिकवण्याचे काम त्या हिवाळ्यात चालले, आणि माझ्या तरुणपणातले ते मला सर्वांत प्रिय दिवस आहेत. नाना पाठ असलेल्या श्लोकांतून रीत सांगत; मी अन्वय लावून ती मराठीत मांडी; दादा ती यंत्राच्या भाषेत टंकी. नानांचा एक चरण दादाच्या दहा ओळी होई. कधी दादा विचारी, "नाना, इथे जर उत्तर ऋण आलं तर काय करायचं?" आणि नाना क्षणभर थांबून पुढचा चरण म्हणत, ज्यात नेमके तेच सांगितलेले असे. दादा हसे. "म्हणजे त्यांनीही हा विचार केला होता." नाना म्हणत, "अरे, त्यांच्याजवळ वेळ होता." मध्ये आई गोळाभात वाढून बोलावी. डाळीच्या भरड्याच्या गरम गोळ्यावर हिंगाची फोडणी चुरचुरत ओतली जाई आणि तो आवाज आला की गणित जिथे असेल तिथे थांबे. दादाची नोकरी आणि माझे वर्ग यांतून उरणारा सगळा वेळ त्या मेजापाशी जाई.

कारण यंत्र नानांच्याच मेजावर ठेवले होते. दादाने बाहेरच्या खोलीतली खिडकीजवळची जागा सुचवली होती, परंतु नाना म्हणाले, "जिथे पंचांग झालं तिथेच होऊ दे." त्यांच्या बोलण्यात आग्रह नव्हता, तरी कोणी पुन्हा विषय काढला नाही. श्रीधर नोकरीत, सुमा, म्हणजे मी, उद्या लग्न होऊन जाणार, तेव्हा आपल्या मागे या जागी कोण, हा प्रश्न त्यांनी मनातल्या मनात असा सोडवला होता असे मला आज वाटते. स्वतः ते भिंतीला टेकून, जपमाळ घेऊन, यंत्राच्या आवाजाकडे कान लावून बसत. जणू आपल्या जागी बसवलेल्या शिष्याचे पुटपुटणे ऐकत असावेत.

अडचण एवढीच झाली की टंकणाऱ्याचे तोंड देवांकडे, म्हणजे यंत्राची पाठ देवांकडे आली. पाठीत पंखा होता. तो आतली गरम हवा मागे फेकी आणि ती सरळ नंदादीपावर जाई. पहिल्याच दिवशी ज्योत आडवी पडली. आईने काही न बोलता स्वयंपाकघरातला जेवणाचा शिसवी पाट आणला आणि यंत्राच्या पाठीला टेकवून उभा केला. ज्योत पुन्हा सरळ झाली. थंडीचे दिवस होते. यंत्राने तक्रार केली नाही. तो पाट तिथलाच होऊन गेला, इतका की धूळ पुसताना मी त्याचीही पुसत असे.

फाल्गुनात गणित खरोखर सुरू झाले तेव्हा यंत्र फार हळू आहे हे कळले. नाना जपाची एक माळ ओढून दुसरी अर्ध्याहून पुढे नेत, तेव्हा कुठे एका पक्षाच्या तिथी पडद्यावर येत. इतवारीतल्या ज्या छापखान्यात आमचे पंचांग छापले जाई तिथले जुळारी डोमाजी मजकुराची वाट पाहत होते. अक्षरांचे खिळे जुळवण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता आणि जीभही तशीच चालती होती. लग्नपत्रिकांचा हंगाम संपला की शाळेच्या पुस्तकांचे काम लागेपर्यंत मधला थोडा काळ आमचा असे. तो चुकला की पंचांग त्या वर्षी निघणे नाही.

तेव्हा दादाने यंत्राचा वेग वाढवायचे ठरवले. त्याने मला समजावले ते असे: यंत्राच्या आत एक स्फटिक असतो, तो थरथरतो, आणि त्याच्या थरथरण्याच्या तालावर सगळे गणित पावले टाकते. अधिक जलद थरथरणारा स्फटिक बसवला की पावले जलद पडतात. मूळ घडवणाऱ्याने सांगितलेल्या वेगाहून हा वेग जास्त, म्हणून जोखीम. परंतु पुष्कळ लोक करतात. सीताबर्डीच्या रेडिओच्या दुकानातून त्याने तसा स्फटिक आणला आणि जुना न काढता शेजारी जोडला. एक बारीक तार लागली असेल तोवर यंत्र नव्या स्फटिकाच्या तालाने चाले. तार सुटली तर आपोआप जुन्यावर येई. हे सर्व कथिलाचे डाग देऊन पक्के करून तो उठला, यंत्र सुरू केले, आणि नानांची माळ मेरुमण्याशी आली तेव्हाच पक्ष पुरा झाला.

"एका माळेत एक पक्ष," नाना म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद होता तो मी त्यांचे डोळे गेल्यापासून पाहिला नव्हता.

चैत्र असा गेला. मग वैशाख आला. नागपूरचा वैशाख ज्यांनी पाहिला आहे त्यांना सांगायला नको. दहा वाजता रस्ते ओस पडत. गच्चीवर आईच्या कुरडया तासाभरात कडक होत. घरात कूलरचा घों घों आवाज आणि ओल्या वाळ्याचा वास भरून राही. कूलर खिडकीत होता, मेजाच्या डाव्या हाताला. दादाची तेव्हा सकाळची पाळी होती, म्हणून आम्ही दुपारी सारे त्याच खोलीत असू, कैरीचे पन्हे पीत, आणि यंत्र गणित करीत राही.

एका दुपारी नाना म्हणाले, "श्रीधर, याची चाल बिघडली आहे."

"कशावरून, नाना?"

"सकाळी एका माळेत पक्ष झाला. आता दुसरी माळ अर्ध्यावर आली. परवाही दुपारी असंच वाटलं, पण म्हटलं माझंच मन इकडेतिकडे गेलं असेल."

दादाने पडदा पाहिला. त्याने प्रत्येक पक्षाला लागलेला वेळ यंत्राकडूनच नोंदवून घेतला होता. "नाना, दोन्ही वेळा तेवढाच वेळ लागला आहे. इथे दिसतो आहे. दुपारी माणूस जरा पेंगतो, माळ हळू होते."

नाना हसले. "मी पेंगतो हे खरं. पण माझी माळ पेंगत नाही रे. चाळीस वर्षं एकाच चालीने चालते आहे ती."

मी मध्ये पडले. "दादा, यंत्रातलं घड्याळ कशावर चालतं?"

तो उत्तर द्यायला म्हणून माझ्याकडे वळला आणि तसाच थांबला. ते घड्याळही त्याच स्फटिकाच्या तालावर चालत होते. चाल जलद असेल तर घड्याळही जलद, चाल मंद तर घड्याळही मंद. दोन्ही वेळा त्याने सांगितलेला वेळ एकच येणार. आपल्याच श्वासांनी आपले श्वास मोजावेत तसे ते होते. दादाने भिंतीवरचे घड्याळ उतरवून मेजावर आणले, सकाळचाच पक्ष पुन्हा करायला लावला, आणि पाहत बसला. कधी पावले भराभर पडत, मध्येच रेंगाळत, पुन्हा भराभर. त्याने वरच्या झाकणावर हात ठेवला. "थंड आहे," तो म्हणाला. "गरम होऊन असं होतं म्हणावं, तर हे थंडच आहे."

यावर भागले असते तरी चालले असते. यंत्र हळू चालले तर चालले. परंतु पडद्यावर त्या पक्षाचे उत्तर आले आणि मी नेहमीसारखे मोठ्याने वाचू लागले. एकादशीपाशी नानांनी हात वर केला.

"पुन्हा वाच."

मी वाचले. सकाळी यंत्राने दशमी सूर्योदयापूर्वी संपवली होती. आता तीच दशमी सूर्योदयानंतर दोन घटका उरत होती. म्हणजे उपवासाचा दिवसच बदलत होता. एकच यंत्र, एकच रीत, तोच पक्ष, आणि दोन उत्तरे.

"सकाळचं बरोबर," नाना म्हणाले. "चंद्र त्या दिवसांत इतका मंद नसतो. पण आता मला सांग, जे पक्ष मी असे मनात धरून पाहिले नाहीत, त्यांतलं कोणतं बरोबर?"

 कूलरमधले पाणी तेवढे टपटपत होते.

"नाना, मी दुरुस्त करतो," दादा म्हणाला.

"कर. पण झालं नाही तर डोमाजींना आपण सांगून टाकू. म्हाताऱ्या बायका या पंचांगावर विसंबून पाणीसुद्धा सोडतात. त्यांना चुकीच्या दिवशी उपाशी ठेवायचं नाही. त्यापेक्षा यंदा नाही निघालं."

नाना 'यंदा' म्हणाले, तरी ज्या माणसाला डोळे नाहीत त्याच्या पंचांगाला पुढले वर्ष कुठले, हे आम्हा सगळ्यांना समजत होते. आई उठून स्वयंपाकघरात गेली आणि कणीक मळू लागली. चहाची वेळ होती, कणकेची नव्हे.

पुढचे काही दिवस दादा कामावरून येई तो थेट यंत्रापाशी बसे. त्याने आतल्या चिपा एकेक दाबून बसवल्या, वायरी पाहिल्या, विजेच्या दाबाचा संशय धरून कुठून तरी स्टॅबिलायझर आणला. कूलरचे तोंड यंत्राकडे वळवले, त्यामुळे आम्ही बाकीचे घामाने भिजून गेलो. झाकणाला डावीकडून हात लावला की ते माठासारखे गार लागे. तरी दुपार झाली की चाल लटपटे आणि उत्तरे बदलत. सकाळी मात्र सगळे ठीक. अशात एक दिवस डोमाजी उन्हातून आले, डोक्याचा दुपट्टा सोडला आणि पन्ह्याचा पेला हातात घेऊन यंत्रासमोर बसले.

"नानाजी, मजकूर कवा देऊन राहिले? मालक मले रोज विचारते."

नानांनी त्यांना सर्व सांगितले. डोमाजींनी यंत्राकडे फार सहानुभूतीने पाहिले.

"सकाळी चांगलं रायते अन् दुपारी बरळते म्हणता? याले उन्हाची लू लागली, नानाजी. माह्या भाच्याले असंच झालं होतं. एक कांदा ठेवा याच्या खिशात."

"देवघराच्या खोलीत कांदा आणत नाही आम्ही," आई आतून म्हणाली.

"मंग पन्हं पाजा, बाईसाहेब. तुमच्या हातचं पन्हं पिऊन मढंही उठून बसन."

नाना किती दिवसांनी मोकळेपणे हसले. डोमाजी पेला खाली ठेवून उठले आणि दारात थबकून, आवाज उतरवून म्हणाले, "पण नानाजी, येत्या पौर्णिमेलोक द्या. त्याच्यापुढं माह्या हातात नाही राहत. मीच जुळवतो दरसाल तुमचं. दुसऱ्या कोणाचं पंचांग जुळवाले मन नाही लागत."

ते गेल्यावर आई बाहेर आली. तिने यंत्राकडे पाहिले, आणि त्या पाहण्यात डोमाजींच्या थट्टेतले काही तरी राहिले होते. "श्रीधर," ती म्हणाली, "तू एकाच बाजूने हात लावून पाहतोस. ताप काय एकाच जागी असतो? गच्चीवर कुरडया घातल्या की सगळ्या एका वेळी वाळत नाहीत. टाकीजवळच्या ओल्या राहतात, कठड्याजवळच्या आधी कडकडतात. कुठे ऊन तापतं ते मला कुरडया सांगतात."

"मग आता यावर कुरडया घालू?"

"पंचा घालू."

तिने नानांचा पंचा पाण्यात बुडवला. दादा एकदम उठून उभा राहिला. "आई, एक थेंब आत गेला तर संपलं सगळं."

"मग तूच पीळ. तुझ्या हातांत जोर आहे."

दादाने पंचा पिळला, पुन्हा पिळला, मी दुसरे टोक धरून आणखी पीळ दिला. इतका की त्यातून एक थेंबही येईना. मग आईने तो यंत्राच्या झाकणावर, समोरच्या पट्टीपासून मागच्या कडेपर्यंत, पापड पसरावा तसा हलक्या हाताने पसरला. यंत्र गणित करीत होते. नानांच्या बोटांत माळ सरकत होती. आम्ही तिघे त्या पंच्याकडे पाहत बसलो. आयुष्यात मी पुष्कळ अनुष्ठाने पाहिली आहेत, पण एका ओल्या पंच्याकडे इतक्या एकाग्रतेने कोणी पाहिलेले मला ठाऊक नाही.

डावी बाजू काळपट ओली राहिली. उजवीकडे, मागच्या कोपऱ्यात, प्रथम एक पांढरा ठिपका उमटला. तो तळहाताएवढा झाला. मग मागची सगळी कड फटफटीत पांढरी पडली. दादाने तिथे बोट लावले आणि झटकन काढून घेतले. "इथे तर भाजतं आहे," तो म्हणाला. "कूलर या बाजूला वारा घालतो आणि आग त्या कोपऱ्यात आहे. पण तिथली हवा तर पंखा मागे..." आणि त्याचे बोलणे तिथेच राहिले, कारण त्याची नजर पाटावर गेली होती.

आईची नजर त्याच्या आधीच गेली होती. पंखा मागे टाकत होता ती हवा पाटावर आपटून पुन्हा आत जात होती. हिवाळाभर हे निभले. वेग वाढवल्यावर आणि वैशाखात ते निभणे शक्य नव्हते. आई वाकली आणि तिने पाट उचलून बाजूला घेतला. कोंडलेली हवा भसकन बाहेर आली आणि नंदादीपाची ज्योत पार आडवी होऊन निळी पडली. आईने पाट तसाच काखेत धरून दुसऱ्या हाताचा तळवा ज्योतीपुढे आडवा केला. ज्योत सावरली. ती मात्र तशीच उभी राहिली. हात काढला तर दिवा जातो, पाट ठेवला तर यंत्र जाते. तिच्या चेहऱ्यावर त्या वेळी जे होते ते पाहून मी मान खाली घातली.

"काय झालं?" नाना म्हणाले. "सगळे गप्प का?"

 मी त्यांना जसे होते तसे सांगितले: पंचा कुठे वाळला, पाट कशासाठी ठेवला होता, आणि आई आता कशी उभी आहे.

नानांची माळ थांबली. मेरुमणी आलेला नव्हता आणि मध्येच माळ थांबवताना मी त्यांना कधी पाहिले नव्हते. "यंत्र बंद कर, श्रीधर," ते म्हणाले. "अगं, हात भाजेल तुझा. बंद झालं ना? आता हात घे."

पंखा थांबला. आईने हात घेतला. ज्योत सरळ उभी होती.

"हे यंत्र इथे ठेवायचा हट्ट माझा होता," नाना म्हणाले. "जागा रिकामी दिसू नये म्हणून. मला तर दिसतही नाही. मग कोणासाठी ठेवलं मी ते?"  मग म्हणाले, "श्रीधर, तू आधीच म्हणाला होतास, बाहेरच्या खिडकीपाशी. तिथेच ने. तिथे त्याला श्वास घेऊ दे. दिवा जागचा हलवायचा नाही."

दादाने त्याच संध्याकाळी यंत्र बाहेरच्या खोलीत नेले, खिडकीपाशी पण भिंतीपासून सुटे, चहूबाजूंनी हात फिरेल असे ठेवले, आणि झाकण उघडले. नव्या स्फटिकाची ती बारीक तार नेमकी त्या उजव्या मागच्या कोपऱ्यातच होती. रोजच्या तापण्या-निवण्याने तिचा डाग तडकला होता. तापला की तार सुटे आणि यंत्र जुन्या चालीवर येई, निवला की पुन्हा चिकटे. शेजारच्या स्मृतीच्या चिपाही त्याच आचेत होत्या. आकडे तिथेच बिघडत असणार, असे तो म्हणाला. त्याने डाग नव्याने दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तोच पक्ष यंत्राकडून करवला आणि भर दुपारी पुन्हा करवला. नाना बाहेर येऊन खुर्चीवर बसले होते. दोन्ही वेळा माळ मेरुमण्याशी आली आणि पक्ष पुरा झाला. दोन्ही वेळा एकादशी आपल्या दिवशी होती.

दादाने सुटकेचा श्वास टाकला. "झालं, नाना. आता विश्वास ठेवायला हरकत नाही."

"ठेवू," नाना म्हणाले. "पण साक्ष असावी. प्रत्येक पक्षातला एक दिवस हाताने काढायचा आणि यंत्राशी ताडून पाहायचा. मी डोळे असताना स्वतःचंही असंच ताडून पाहत होतो."

"हाताने कोण काढणार? तुम्ही सांगणार आणि सुमा लिहिणार?"

"मी काय सांगायचं तिला? दोन वर्षं ती लिहिते आहे आणि हिवाळाभर तिने श्लोक फोडून तुझ्या हाती दिले. तिला सगळं येतं. मीच कधी म्हटलं नाही." मग त्यांनी माझ्या दिशेने तोंड वळवले, नेहमीप्रमाणे थोडे चुकीच्या दिशेने. "सुमा, उद्या सकाळी पूजा झाल्यावर बस. मोठ्याने पुटपुटत कर म्हणजे मला ऐकू येईल. चुकलीस तर खाकरेन."

 मी होकारार्थी मान हलवली, आणि त्यांना ती दिसत नाही हे लक्षात येऊन "हो, नाना," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्नान करून मधल्या खोलीत आले तेव्हा मेज पुसून जागच्या जागी ठेवलेले होते. दौत भरलेली होती. देवांपुढे नंदादीप नीट तेवत होता, आता त्याच्या नि मेजाच्या मध्ये काही नव्हते. मी जमिनीवर बसणार तोच आई आली. तिच्या हातात तोच शिसवी पाट होता. महिनोन् महिने आच खाऊन त्याच्या एका अंगाचा रंग उडाला होता आणि एक कड किंचित उचलली होती. तिने तो नानांच्या जागी आडवा ठेवला, कड दाबून पाहिली, आणि वर माझे धुवट लुगड्याचे आसन घातले.

"डुगडुगेल थोडा," ती म्हणाली. "उजवीकडे भार देऊ नकोस."

पौर्णिमेच्या आधी मजकूर डोमाजींच्या हाती गेला. त्यांनी तो डोक्याला लावला आणि विचारले, "मंग कांदा ठेवला होता ना?" पंचांग निघाले. नानांनी त्याच्या पानांचा वास घेतला, बोटांनी खिळ्यांचे ठसे चाचपले, आणि ते उशाशी ठेवले. त्यानंतरची चार पंचांगेही त्यांच्या कानांवरून गेली; खाकरणे वर्षागणिक कमी होत गेले. डोळे परत आले नाहीत, आणि मग नानाही गेले. आईने दिवा मात्र काढला नाही, आणि आम्ही कोणी तिला त्याबद्दल कधी विचारले नाही. माझे लग्न नागपुरातच झाले; सकाळी दोन तास माहेरी जाऊन बसण्याला माझ्या सासऱ्यांनी कधी ना म्हटले नाही, हा त्यांचा मोठेपणा.

दादाचे ते यंत्र पुढे मोडीत गेले, मग दुसरे आले, तिसरे आले. आता तर गणित क्षणात होते. माळेचा पहिला मणी सरकायच्या आत. तरी प्रत्येक पक्षातला एक दिवस मी अजून हाताने काढते. आई गेल्यावर दिवा आणि पाट दोन्ही माझ्या घरी आले. पाट अजून डुगडुगतो. सकाळी त्यावर बसताना मी भार डावीकडे घेते, ज्योत सरळ आहे ना ते पाहते, आणि ऐकू येईल इतक्या मोठ्याने पुटपुटायला लागते.